गर्भाशयाच्या पिशवीची रचना जन्मापासून वेगळी असेल तर: नाशिकच्या मुली, बायका आणि त्यांच्या आया नेहमी विचारतात ते प्रश्न

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘बायकॉर्न्युएट’, ‘सेप्टेट’ किंवा ‘युनिकॉर्न्युएट’ असा एखादा शब्द येतो आणि त्या दिवशी घरात कुणाला घास गोड लागत नाही. मी नाशिकमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. खालचे प्रश्न सिडको-सातपूरमधून, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांतून आणि पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या बायकांचे आहेत. एक गोष्ट आधीच सांगते. या दोषाचे प्रकार अनेक आहेत आणि प्रत्येकाचा त्रास, धोका, उपचार वेगळा आहे. पोटात अचानक जीवघेणं दुखू लागलं तर थांबायचं नाही. पण तशी घाई नसेल, तर आपला प्रकार नेमका कोणता हे ठरेपर्यंत ऑपरेशनच्या कागदावर सही करू नका.

पिशवी ‘वेगळी’ म्हणजे नेमकं काय झालेलं असतं?

आईच्या पोटात मुलीचा गर्भ साधारण सहा आठवड्यांचा झाला की उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा दोन नळ्या तयार होऊ लागतात. जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांच्या नावावरून त्यांना म्युलेरियन नळ्या म्हणतात. त्या खाली सरकत मध्यावर येतात आणि एकमेकींना जुळतात. वरची मोकळी टोकं म्हणजे पुढे गर्भनलिका होतात. खालच्या जुळलेल्या भागातून पिशवी, तिचं तोंड आणि योनीमार्गाचा वरचा भाग तयार होतो. जुळल्यावर मध्ये काही काळ भिंत असते, तीही साधारण पाचव्या महिन्यापर्यंत विरून जाते.

यातला कुठलाही टप्पा अर्धवट राहिला की रचना बदलते. दोन्ही नळ्या वाढल्याच नाहीत तर पिशवी नसतेच. एकच वाढली तर एकशिंगी पिशवी, म्हणजे युनिकॉर्न्युएट. दोन्ही वाढल्या पण जुळल्याच नाहीत तर दोन पिशव्या आणि दोन तोंडं, म्हणजे डायडेल्फिस. खाली जुळल्या आणि वर सुट्या राहिल्या तर पिशवी वरून खचलेली, पत्त्यातल्या बदामासारखी दिसते, ती बायकॉर्न्युएट. बाहेरून सगळं ठीक पण आतली भिंत तशीच राहिली तर सेप्टेट, म्हणजे पडदा असलेली पिशवी. आर्क्युएट हा सगळ्यात सौम्य प्रकार. त्यात वरची कड आत जराशी वाकलेली असते, इतकंच.

असं किती जणींना असतं?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त. सर्वसाधारण स्त्रियांमध्ये प्रमाण साधारण ५.५ टक्के आहे. दिवस राहत नाहीत म्हणून तपासणीला आलेल्यांत ते सुमारे ८ टक्के आणि गर्भपात झालेल्यांत सुमारे १३ टक्के आढळतं. पिशवी मुळीच नसणं मात्र दुर्मीळ आहे, साधारण ४,५०० ते ५,००० मुलींमागे एक. अनेकींना आपली पिशवी वेगळी आहे हे सिझरच्या वेळी पोट उघडल्यावरच कळतं, आणि तोवर त्यांची दोन बाळंतपणं विनासायास झालेली असतात.

मी गरोदर असताना ग्रहणात भाजी चिरली होती. त्यामुळे झालं का?

नाही. हा प्रश्न विचारताना आईचा आवाज किती खाली येतो ते मला माहीत आहे, म्हणून अगदी स्पष्ट सांगते. ग्रहण, पपई, जड उचलणं, सासूशी झालेलं भांडण, यातल्या कशाचाही याच्याशी संबंध नाही. ज्या आठवड्यांत ही घडण सुरू होते, त्या वेळी अनेकींना दिवस गेल्याची जेमतेम खात्री पटलेली असते.

बहुतेक मुलींच्या बाबतीत कारण सापडत नाही. काही घरांत हे आनुवंशिक दिसतं, पण एकाच जनुकाकडे बोट दाखवावं असं सहसा नसतं. औषधाचं एक ठळक उदाहरण इतिहासात आहे. डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल हे हार्मोन अमेरिका-युरोपात गर्भपात टाळण्यासाठी म्हणून गरोदर बायकांना दिलं जायचं. त्यांच्या मुलींमध्ये इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची पिशवी आढळली, आणि अमेरिकेत १९७१ मध्ये गरोदरपणात ते देऊ नये असा इशारा निघाला.

मुलगी पंधराची झाली, अजून पाळी नाही. थांबावं का?

थांबू नका. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी नसेल तर तपासणी हवी. तेराव्या वर्षापर्यंत छातीची वाढच सुरू झाली नसेल, तर तेव्हाच दाखवा. ‘आमच्याकडे उशिराच येते’ हे खरं असूही शकतं, पण ते तपासून ठरवूया.

छातीची वाढ, काखेतले केस, उंची सगळं वयाप्रमाणे आहे आणि फक्त पाळी नाही, अशा वेळी पिशवी नसण्याची शक्यता डोक्यात ठेवावी लागते. या अवस्थेला म्युलेरियन एजेनेसिस किंवा एमआरकेएच म्हणतात. अंडाशय वेगळ्या ऊतींपासून बनतात, त्यामुळे ते बहुतेक मुलींमध्ये नीट काम करत असतात. हार्मोन्स तयार होतात आणि शरीर बाईचंच घडतं. निदान पक्कं करायला रक्तातले हार्मोन्स आणि गुणसूत्रांची तपासणी, म्हणजे कॅरिओटाइप, करतात. वरून सारखीच दिसणारी एक दुसरी अवस्था असते, तिचे उपचार वेगळे असतात.

पाळी अजून आलेली नाही, पण दर महिन्याला पोट दुखतं. हे काय?

या प्रश्नावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे उशीर झाला की मुलीच्या अंगावर निघतो.

आठवीतली एक मुलगी. दर महिन्याला तीन-चार दिवस ओटीपोटात कळा आणि तेवढे दिवस शाळा बुडलेली. आधी जंताचं औषध झालं, मग अपेंडिक्सचा संशय आला. आमच्याकडे आणली तेव्हा तिची लघवी अडली होती. ती गुडघे पोटाशी घेऊन पडलेली, कुणाला हात लावू देत नव्हती. कॅथेटर टाकून लघवी मोकळी केली तरी बेंबीखाली घट्ट गोळा तसाच हाताला लागत होता. योनीमार्गाच्या तोंडाशी निळसर, फुगून बाहेर आलेला पडदा दिसला. पाळी कधीच सुरू झाली होती, रक्ताला बाहेर यायला वाटच नव्हती. भूल देऊन त्या पडद्याला छेद दिला तेव्हा महिनोन् महिने साठलेलं काळपट, काकवीसारखं घट्ट रक्त बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी ती डबा खात बसली होती.

तिच्या योनीमुखावरच्या पडद्याला जन्मतः छिद्र नव्हतं. हा पिशवीचा दोष नव्हे, शेजारचा. साधारण १,००० ते २,००० मुलींमागे एकीला तो असतो आणि उपचार सोपा आहे. पण अशीच अडवणूक आणखी वर, योनीमार्गात आडव्या पडद्यामुळे किंवा पिशवीच्या तोंडाशीही असू शकते, आणि ते ऑपरेशन अवघड असतं. म्हणून आधी एमआरआय करून अडथळा कुठे आहे आणि किती जाड आहे ते बघायचं. सुई टोचून रक्त ओढून काढण्याचा प्रयत्न कुणी करत असेल तर नको म्हणा. त्याने जंतुसंसर्ग आत जातो आणि पुढचं काम बिघडतं.

रक्त फार काळ अडून राहिलं तर ते गर्भनलिकांतून उलटं पोटात जातं. त्यातून एन्डोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं), चिकटलेले अवयव आणि पुढे मूल होण्यात अडचण असा क्रम लागतो. मुलीच्या दुखण्याच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. दर महिन्याला त्याच सुमाराला दुखत असेल, तर ते कॅलेंडर डॉक्टरांसमोर ठेवा.

पाळी नियमित येते, तरीही असा अडथळा असू शकतो?

हो, आणि तो हमखास नजरेतून सुटतो. दोन पिशव्या आहेत, एका बाजूचं रक्त बाहेर येतं, दुसऱ्या बाजूचा योनीमार्ग बंद आहे. पाळी येत असल्याने कुणाला शंका येत नाही. मुलगी मात्र सांगत असते की दुखणं दर पाळीला वाढतंय. ‘पाळीत दुखतंच, सहन कर’ असं सांगून तिला परत पाठवू नका. या प्रकारात बंद असलेल्या बाजूची किडनी बहुतेक वेळा नसतेच. एक किडनी असलेली मुलगी आणि वाढत जाणारं पाळीचं दुखणं, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की आधी याचाच विचार करायचा.

पिशवीच्या तक्रारीसाठी आलो आणि किडनीची सोनोग्राफी का सांगितली?

कारण गर्भात पिशवी आणि मूत्रमार्ग शेजारी शेजारी आणि एकाच काळात घडतात. पिशवीची रचना वेगळी असलेल्या स्त्रियांपैकी साधारण ३० टक्के जणींत किडनीतही फरक सापडतो, एकशिंगी पिशवीत त्याहून जास्त. एक किडनी असली तरी आयुष्य नीट जातं, फक्त ते माहीत हवं. रक्तदाब तपासत राहायचा, मनाने वेदनाशामक गोळ्या खायच्या नाहीत आणि गरोदरपणात डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायचं. एमआरकेएचमध्ये काही मुलींच्या मणक्यांत आणि ऐकण्यातही दोष असतो, तोही बघून घ्यावा.

अविवाहित मुलीची ‘आतून’ तपासणी करावी लागेल का?

सहसा नाही. भरलेल्या लघवीवर पोटावरून सोनोग्राफी आणि लागल्यास एमआरआय, यांत बहुतेक उत्तर मिळतं. बाहेरून नुसतं बघायचं असेल तरी मुलीला आधी सांगून, तिची परवानगी घेऊन, आई किंवा नर्स शेजारी असतानाच बघायला हवं. या भीतीने तपासणी वर्षवर्ष लांबवणारी घरं मी पाहते, म्हणून हे लिहिलं.

एका ठिकाणी ‘बायकॉर्न्युएट’ सांगितलं, दुसरीकडे ‘सेप्टेट’. कोण खरं?

दोघांनीही पिशवीची आतली पोकळी दुभंगलेली पाहिली असणार. फरक बाहेरच्या कडेवरून ठरतो. वरची कड सपाट किंवा फुगीर असेल तर पडदा, खचलेली असेल तर बदाम. डाय टाकून काढलेल्या एक्स-रेमध्ये, म्हणजे नळ्यांच्या तपासणीत, फक्त पोकळी दिसते, बाहेरची कड दिसतच नाही. त्यामुळे नुसत्या त्या फिल्मवरून निर्णय होऊ शकत नाही. थ्रीडी सोनोग्राफी, शक्यतो पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात आतलं अस्तर जाड असताना, किंवा एमआरआय केला की दोन्ही कडा दिसतात. याआधी अशा शंकेसाठी पोटातून दुर्बीण घालून बघावं लागायचं, आता ती वेळ क्वचित येते.

वर्गीकरणाच्या पद्धतीही एकाहून अधिक आहेत. अमेरिकन संस्थेची १९८८ ची, युरोपीय संस्थांची २०१३ ची, पुन्हा अमेरिकन २०२१ ची. एका मोजमापाने जी पिशवी नॉर्मल, ती दुसऱ्याने पडद्याची ठरू शकते. म्हणून रिपोर्टमधल्या शब्दाइतकेच मिलिमीटरचे आकडेही महत्त्वाचे आहेत. ते लिहिलेले नसतील तर मागून घ्या.

माझ्यात दोष आहे म्हणजे मूल होणारच नाही का?

असं कुणी तुम्हाला सुनावलं असेल तर ते चूक आहे. पिशवी असेल तर बहुतेक प्रकारांत दिवस राहतात. अडचण येते ती गर्भ टिकण्यात आणि दिवस पूर्ण भरण्यात.

पडद्याच्या पिशवीत पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडण्याचं प्रमाण जास्त. बदामी आणि एकशिंगी पिशवीत चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि बाळाची वाढ कमी होणं यांची काळजी घ्यावी लागते. जागा कमी किंवा वेडीवाकडी असल्याने बाळ फिरत नाही, पायाळू किंवा आडवं राहतं आणि सिझरची शक्यता वाढते. आर्क्युएटमध्ये बहुतेकींना काहीच होत नाही. तिला आजार समजून उपचार करायची गरज नसते.

पडदा कापून टाकला की गर्भ टिकेल ना?

कदाचित. खात्री मात्र कुणी देऊ नये. दुर्बिणीतून, पोट न फाडता, पडदा कापण्याचं ऑपरेशन कित्येक वर्षं सर्रास होत आलं आहे, आणि ऑपरेशनआधीच्या व नंतरच्या गर्भारपणांची तुलना केली तर फायदा दिसतो. पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत सुमारे ८० स्त्रियांची चिठ्ठी टाकावी तशी दोन गटांत विभागणी केली होती. ऑपरेशन केलेल्या आणि न केलेल्या गटांत जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण जवळपास सारखंच आलं. चाचणी लहान होती, तिच्यावरून शेवटचा शब्द म्हणता येणार नाही.

माझं मत असं: वारंवार गर्भपात झाले आहेत, इतर कारणं तपासून झाली आहेत आणि पडदा ठळक आहे, तर ऑपरेशनचा विचार जरूर करावा. नवीन लग्न झालं आहे, अजून प्रयत्नही सुरू नाहीत आणि रिपोर्टमध्ये चुकून लहानसा पडदा दिसला, तर घाई नको. बदामी पिशवीचे दोन भाग शिवून एक करण्याचं ऑपरेशन आज फार क्वचित करतात. ‘पिशवीला टाका’, म्हणजे पिशवीचं तोंड बांधून ठेवणारा टाका, हाही सरसकट सगळ्यांना नको. सोळाव्या ते चोविसाव्या आठवड्यांत सोनोग्राफीवर पिशवीच्या तोंडाची लांबी बघत राहायची. ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी झाली किंवा आधी चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भपात झाला असेल तर टाक्याबद्दल बोलायचं.

एकशिंगी पिशवीत ‘छोटं शिंग’ आहे म्हणतात. ते काढावंच लागतं का?

त्या शिंगाच्या आत अस्तर आहे का, हा खरा प्रश्न. अस्तर नसेल तर सहसा हात लावायचं कारण नसतं. अस्तर असेल आणि बाहेर वाट नसेल, तर दर महिन्याला रक्त आत साठतं, आणि त्याच बंद शिंगात गर्भही रुजू शकतो. असा गर्भ वाढता वाढता, बहुतेकदा चौथ्या ते सहाव्या महिन्यात, शिंग फुटतं आणि पोटात प्रचंड रक्तस्राव होतो. म्हणून अस्तर असलेलं बंद शिंग दिवस राहण्याआधी दुर्बिणीने काढून टाकणं शहाणपणाचं. एकशिंगी पिशवी असलेल्या बाईला दिवस राहिले, की सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी करून गर्भ कुठे आहे ते बघा. अचानक पोटात दुखून चक्कर आली, घाम फुटला तर १०८ ला फोन करा.

आम्ही सुरगाण्याला राहतो. बाळंतपणाचं कसं करायचं?

आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला पहिल्याच महिन्यात सांगा, म्हणजे जोखमीची माता अशी नोंद होते. नाव जिल्हा शासकीय रुग्णालयात किंवा आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयासारख्या, नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणीच नोंदवा. पेठकडच्या बायकांना मी सांगते की बत्तिसाव्या आठवड्यानंतर नाशिकमध्ये कुणी नातेवाईक असेल तर तिथे येऊन राहा. कळा सुरू झाल्यावर रात्री सावळघाट चढत येणं आणि त्यात बाळ आडवं असणं, ही वेळ आधी ठरवलं तर टळते. दिवस अपुरे असताना कळा आल्या तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शन देतात, त्यासाठीही वेळेत पोहोचणं गरजेचं. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्रांकडून भरती होण्याआधी विचारून घ्या.

त्र्यंबकला नारायण नागबळी करून घेतला. आता तपासणीची गरज आहे का?

आहे. मनाला आधार मिळतो तर पूजा करा, मी कधी कुणाला अडवलं नाही. तपासणी पूजेच्या आधी किंवा नंतर होऊ दे, पण तिच्यामुळे पुढे ढकलू नका. आणि तपासणी नवऱ्याचीही करा. पिशवीचा रिपोर्ट हाती आला की वीर्य तपासायचं राहूनच जातं.

पिशवीच नाही. मुलीचं लग्न, संसार, मूल यांचं काय?

हे मुलीला सांगताना खोलीत गर्दी नको. आई-वडिलांना बाहेर नेऊन आधी त्यांना सांगायचं आणि मग ‘तिला कळू देऊ नका’ म्हणायचं, हे मला मान्य नाही. तिचं शरीर आहे, तिला तिच्या वयाला समजेल अशा शब्दांत सांगायला हवं, आणि एकदा सांगून भागत नाही. तिला रडू दे. समुपदेशन उपचाराइतकंच महत्त्वाचं आहे, टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलताही येतं.

शरीरसंबंधांसाठी योनीमार्ग तयार करता येतो. पहिला उपाय ऑपरेशनचा नाही. डायलेटर नावाच्या गुळगुळीत नळ्यांनी रोज थोडा थोडा दाब देत मार्ग वाढवायचा, आणि नीट शिकवलं व नियमित केलं तर दहांपैकी नऊ जणींना त्याने यश येतं. तिची इच्छा आणि तयारी झाल्यावरच सुरू करायचं. लग्न ठरलं म्हणून घाईघाईने टेबलावर घ्यायचं नाही.

लग्नाआधी सांगावं का, हा प्रश्न ठरलेलाच. सांगावं, साखरपुड्याआधी, मुलीच्या संमतीने, आणि लागलं तर डॉक्टरांसमोर दोघांना बसवून. लपवलेलं पुढे उघड होतं आणि सगळा दोष तिच्याच पदरात पडतो.

अंडाशय नीट असल्यास स्वतःचं बीजांड वापरून सरोगसीने मूल होऊ शकतं. २०२१ चा सरोगसी कायदा आणि त्याखालचे नियम पिशवी नसणं हे वैध वैद्यकीय कारण मानतात. जोडपं विवाहित हवं, पत्नी २३ ते ५० आणि पती २६ ते ५५ वर्षांचा, आणि सरोगेट मातेला पैसे देऊन हे करता येत नाही, फक्त वैद्यकीय खर्च आणि विमा. दत्तक घेण्याचा रस्ता ‘कारा’ या केंद्रीय यंत्रणेतून जातो.

पिशवीचं प्रत्यारोपणही आता होतं. अशा पिशवीतून जगातलं पहिलं बाळ २०१४ मध्ये स्वीडनमध्ये जन्मलं. भारतातलं पहिलं प्रत्यारोपण मे २०१७ मध्ये पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने केलं. जन्मतः पिशवी नसलेल्या सोलापूरच्या तरुणीला तिच्या आईनेच आपली पिशवी दिली. मोठं, खर्चिक ऑपरेशन, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आणि बाळंतपण झाल्यावर पिशवी पुन्हा काढणं, एवढं सगळं त्यात येतं. आशा म्हणून सांगते, पण सर्वांना झेपणारा मार्ग म्हणून सांगत नाही.

यातून पुढे कॅन्सर होतो का?

नुसत्या वेगळ्या रचनेमुळे होत नाही. मात्र पिशवीला दोन तोंडं असतील तर पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करताना दोन्हींची व्हायला हवी. करणाऱ्याला तुम्हीच आठवण करून द्या.

दोन पिशव्या असताना कॉपर-टी चालते का?

एका पिशवीत बसवलेली कॉपर-टी दुसऱ्या पिशवीला वाचवत नाही. त्यामुळे गोळ्या, इंजेक्शन किंवा निरोध बरे. गर्भपात करून घ्यायची वेळ आली तरी आधी सोनोग्राफीवर गर्भ कोणत्या बाजूला आहे ते पक्कं करायला सांगा, नाहीतर रिकामी बाजू साफ होते आणि गर्भ तसाच राहतो.

पहिल्या भेटीला येताना काय आणायचं?

जुने सगळे रिपोर्ट, एक्स-रे आणि एमआरआयच्या मूळ फिल्म किंवा सीडी, आधीच्या गर्भपातांची कार्डं आणि कितव्या आठवड्यात काय झालं ते. सिझर किंवा कोणतंही ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्डावर पिशवीबद्दल काय लिहिलंय ते बघा. लिहिलेलं नसेल तर त्या दवाखान्यातून ऑपरेशनची नोंद मागून घ्या, ती मागायचा तुम्हाला हक्क आहे. आणि पाळीच्या तारखांची वही.